बांडीचा डावा पाय

ज्यांच्या घरी एखादं लहान जनावर जायबंदी होऊन पडलं आहे आणि त्याबद्दल बोलायला फारसं कुणी नाही, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. शिरूरला मुलींच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. एका मांजरीची साडेतीन महिने सेवा केली, एवढाच माझा अधिकार. त्यात जे नीट जमलं ते सांगेन आणि जे चुकलं तेही सांगेन. चुकलेलं सांगायला मला बराच वेळ लागला, म्हणून हे लिहायलाही उशीर झाला.

बांडी

माझं गाव भांडगाव. आमच्या घरात मेंढरं होती. आबा, म्हणजे माझे वडील, आठ महिने कळपामागे रानोमाळ असत. आई मी सहावीत असताना गेली. दौंडला आत्याकडे राहून मी मॅट्रिक झाले आणि पुढे पुण्याला वसतिगृहात राहून बी.ए., बी.एड. केलं. आबांना सही येत नाही. माझ्या प्रत्येक फॉर्मवर त्यांनी अंगठा उठवला आणि एकदाही विचारलं नाही की हा कागद कशाचा. आमच्या घरात पदवी मिळवणारी मी पहिली. हे सगळं मी विसरलेले नाही, विसरणारही नाही.

पण शिरूरला नोकरी लागल्यावर मी ते कुणाला सांगितलंही नाही. स्टाफरूममध्ये माहेरच्या गोष्टी निघायच्या, कुणाचे वडील हेडमास्तर, कुणाचे मामलेदार कचेरीत. मी कुणाशी खोटं बोलले नाही. विषय निघाला की वह्या तपासायला घ्यायची, इतकंच. चार वर्षं मी अशा खूप वह्या तपासल्या.

बांडी आली ती दिवाळीच्या सुट्टीत. आळीतली सगळी घरं पाहुण्यांनी भरली होती आणि माझ्या खोलीत कुणी येणार नव्हतं. आबांनी दुष्काळात कळप विकला, त्यानंतर दिवाळीला घरी जाऊन त्या रिकाम्या वाघरीकडे, मेंढरं कोंडायच्या त्या जाळीकडे, बघत बसणं मला नको वाटायचं. ही पांढरी मांजरी दाराशी येऊन बसली. पाठीवर एक काळा आणि एक तांबूस ठिपका. आमच्याकडे अशा मेंढीला बांडी म्हणतात. मी हाक मारली, तिने वळून बघितलं. घराच्या भाषेतला तो एक शब्द मी तेव्हापासून रोज मोठ्याने बोलू लागले.

धरायचं कुणी?

माघात एका बोक्याने तिच्या मानेला चावा घेतला. त्याचं गळू झालं. तिसऱ्या दिवशी तिने खाणं सोडलं, तेव्हा मी शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तिला बांबूच्या टोपलीत घातलं, वरून जुनं पातळ बांधलं आणि जनावरांच्या दवाखान्यात नेलं. दवाखाना कोणत्या गावचा ते मी मुद्दाम लिहीत नाही. एस.टी.ने तासाभराच्या आतली वाट.

डॉक्टर गावोगाव लस टोचायला गेले होते. दवाखान्यात स्टॉकमन, म्हणजे डॉक्टरांचे मदतनीस, होते, पन्नाशीचे, खाकी शर्टातले. आवारात लाकडी खोड्यात एक म्हैस उभी होती आणि तिचा मालक विडी ओढत शेजारी बसला होता.

"मांजर?" स्टॉकमन टोपलीत डोकावले. "बाई, हितं म्हशी येत्यात, बैलं येत्यात. मांजर कोन आणतंय?"

"गळू झालंय तिला. खात नाही."

"ते खरं वो. पन धरणार कोन? बैल लाथ मारतो, पन चावत न्हाई."

म्हशीचा मालक हसला. "पोत्यात घाला की. पोत्यालाच सुई मारा, कुठंतरी लागंलच."

दोघेही हसले. मला राग आला, आणि त्या रागात माझ्या तोंडून घरची बोली निघाली. "मी धरते. मेंढरं धरत्यात तशी. मेंढरातलीच हाय मी."

शिरूरला आल्यापासून हे मी पहिल्यांदाच कुणापुढे म्हटलं होतं. म्हशीच्या मालकाने विडी खाली केली. "आसं व्हय? मग धरा की ताई. आमी बगतो."

कोकरू कसं धरतात ते सांगते. पुढचं अंग दोन्ही गुडघ्यांत दाबायचं आणि मागचा पाय घोट्याशी मुठीत धरून सरळ ताणायचा. पाय ताणला की कोकरू निपचित पडतं. मी सात-आठ वर्षांची असल्यापासून आबांच्या हाताखाली हे करत आले होते. बांडीला मी तशीच धरली. डावा पाय ताणला. कुणीतरी बघतंय याचा मला अभिमान वाटत होता, हे मी इथे लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं त्या अभिमानातून आलं.

स्टॉकमनच्या हातात पिचकारी होती, तिला म्हशीला लावायची जाड सुई. सुई टोचली तशी बांडी गुडघ्यांतून निसटली आणि सगळ्या अंगानिशी त्या एका पायाभोवती फिरली. पाय माझ्या मुठीत होता. मी सोडला नाही. सोडायचं नसतं, असंच मला शिकवलं होतं. सुई मांडीच्या मांसातून मागच्या बाजूला सरकली. बांडी एकदाच ओरडली. तसं ओरडणं मी मांजराचं आधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही.

त्यांनी गळू फोडलं, पू काढला, औषध भरलं. तोवर ती अगदी गप्प होती. खाली ठेवली तर तीन पायांवर उभी राहिली. चौथ्याचा पंजा उलटा, वरच्या बाजूवर टेकलेला.

"भ्यालंय ते," स्टॉकमन म्हणाले. "उद्या बगा, उड्या मारंल."

गळू आठ दिवसांत बरं झालं. ज्यासाठी नेलं होतं ते बरं झालं.

तीन महिने

मंगळवारी मी शाळेतून अर्धी रजा घेऊन पुन्हा गेले. या वेळी डॉक्टर होते, तरुण, लस टोचून टोचून थकलेले. त्यांनी चिमट्याने बांडीची बोटं एकेक दाबली. उजव्या पायाची दाबली की ती फिसकारायची. डाव्याची दाबली तर ती खिडकीकडे बघत राहायची, जणू पाय दुसऱ्याच कुणाचा आहे.

"शीर दुखावली आहे," ते म्हणाले. "यावर औषध नाही. शीर जगणार असेल तर तीनेक महिन्यांत बोटांना जाणीव येईल. तोवर पंजा शाबूत ठेवणं तुमच्याकडे. ही तो फरपटत नेणार, त्याला जखम होणार. तिला दुखत नसल्यामुळे ती स्वतःच बोटं चावून खाईल. पंजा सडला तर पाय काढावा लागेल, आणि ते इथे होत नाही. तशी वेळ आली तर घेऊन या. इंजेक्शन देऊन सोडवू तिला."

मी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, "झालं कसं हे?"

स्टॉकमन दारात बादली घेऊन उभे होते. मी म्हणाले, "सुई लागली."

ते खोटं नव्हतं. स्टॉकमननी माझ्याकडे एकदा बघितलं. तुम्ही पाय कसा धरला होता, असं ते म्हणू शकले असते. ते बादली घेऊन म्हशीकडे गेले.

घरातला दवाखाना

हा भाग कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट जमीन. माझ्या खोलीत शहाबादी फरशी आहे. तिच्यावर घासून चार दिवसांत बांडीच्या पंज्याची वरची कातडी निघाली. मी गोणपाट पसरलं, तर त्यात नख्या अडकू लागल्या. शेवटी जुनी गोधडी खिळ्यांनी चारी बाजूंनी ताणून बसवली. दुसरी गोष्ट फिनेल. घरमालकीण काकू फरशी फिनेलने पुसायच्या, मी ते बंद करायला लावलं. पंज्याला लागलेलं फिनेल मांजर चाटून पोटात घेतं आणि ते त्याला विष आहे, हे मी विचारल्यावर डॉक्टरांनी सांगितलं होतं. विचारलं नसतं तर कळलं नसतं. म्हणून विचारत जा, तुम्हाला हसले तरी.

तिसरी गोष्ट तिचे दात. तिसऱ्या आठवड्यात शाळेतून आले तर तिने करंगळीच्या जागचं बोट अर्धं कुरतडलं होतं. गोधडीवर रक्त, आणि ती शांतपणे तोंड पुसत बसलेली. तिला काही दुखत नव्हतं. त्या दिवशी मी जुन्या हजेरीपटाचा पुठ्ठा गोल कापून तिच्या गळ्यात फुलासारखा बसवला आणि कडेला चिंध्या शिवल्या. पुठ्ठ्यावर मुलींची नावं होती. दोन दिवस ती मागे मागे सरकत त्यातून निघायला बघत होती. मग तिने हार मानली, आणि तिची ती हार मला बघवत नव्हती.

बाकी दिवस असा असे. सकाळी राखेच्या डब्यात तिला धरून बसवायचं. मिठाच्या कोमट पाण्याने पंजा धुवायचा, कोरडा करायचा, खोबरेल तेलात हळद कालवून लावायची आणि पातळाची पट्टी गुंडाळायची. पट्टी इतकीच घट्ट की आत करंगळी जाईल. मग बोटं एकेक दाबून बघायची. मधल्या सुट्टीत धावत घरी. संध्याकाळी पुन्हा सगळं. बोटं दाबताना मी प्रत्येक वेळी तिच्या तोंडाकडे बघायची, आणि ती खिडकीकडे बघायची.

सगळ्यात अवघड ती संध्याकाळ. पाच वाजता शाळा सुटली की आळीत सगळ्यांकडे चहाच्या कपबशा वाजायच्या. काकूंच्या रेडिओवर बातम्या लागायच्या. मी पट्टी सोडत असायची आणि दिवसभरात वर्गाबाहेर कुणाशी एक वाक्य बोलले नाही हे तेव्हा लक्षात यायचं. आजारी माणसाला भेटायला लोक येतात. आजारी मांजराला कुणी येत नाही, आणि त्याच्या माणसालाही नाही.

स्टाफरूम

असं म्हटलं तरी विचारपूस होत होती. गणिताच्या सबनीसबाई रोज विचारायच्या, "काय, पेशंट कशी आहे?" मग दुसऱ्या कुणीतरी, "अहो, लग्न करा. म्हणजे मांजरांची उस्तवार करायला वेळच उरणार नाही." हसणं व्हायचं, मीही हसायची. त्यात वाईट हेतू नव्हता.

सबनीसबाई मनाने सरळ आणि रागीट. मी त्यांना सांगितलं होतं की दवाखान्यातल्या माणसाने म्हशीची सुई मारली आणि शीर तोडली. जितक्या वेळा सांगितलं तितक्या वेळा सुई थोडी जाड होत गेली आणि माझे हात त्या गोष्टीतून हळूहळू नाहीसे झाले.

"अशा माणसाला तिथे ठेवता कामा नये," सबनीसबाई म्हणाल्या. "आज मांजर, उद्या कुणाचा बैल. तुम्ही अर्ज करा. आमच्या ह्यांची पंचायत समितीत ओळख आहे, महिन्यात बदली होईल त्याची."

दोन दिवसांनी त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात अर्ज लिहूनही आणला. खाली माझं नाव आणि सहीला जागा. मी तो वाचते म्हणून घरी नेला आणि ट्रंकेत ठेवला.

आबा

आबांना मी पंधरा दिवसांनी एक पत्र टाकते. आमच्या गावात ज्यांना वाचता येत नाही, त्यांची पत्रं पोस्टमन पिठाच्या गिरणीपाशी उभा राहून मोठ्याने वाचून दाखवतो. सगळं गाव ऐकतं. म्हणून पत्रात मी कधी काही लिहीत नाही. इकडील सर्व क्षेम, तब्येतीस जपावे, एवढंच. त्या वेळी फक्त एक ओळ जास्त लिहिली होती, "मांजरीच्या पायाला सुई लागून पाय गेला आहे."

बारा दिवसांनी रविवारी सकाळी काकूंनी हाक मारली, "बाई, कुणीतरी म्हातारे तुम्हाला विचारतायत."

आबा अंगणात उभे होते. वहाणा काढून हातात धरलेल्या, डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी, बगलेत एक गाठोडं. पहाटेच निघून, चौफुल्याला गाडी बदलून आले होते. चार वर्षांत ते माझ्या खोलीवर कधी आले नव्हते. मी कधी बोलावलं नव्हतं.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "कोण हे?"

"माझे वडील," मी म्हणाले.

"अगंबाई! मग अंगणात काय उभे? या ना आप्पा, वर या. चहा ठेवते." आणि त्या आत गेल्यादेखील. चार वर्षं मी ज्याला भीत होते ते एवढ्यात उरकलं.

आबा बांडीपुढे मांडी घालून बसले. पुठ्ठ्यावरून बोट फिरवत म्हणाले, "ह्ये कशाचं?"

"हजेरीपटाचं. चावू नये म्हणून."

"चांगलं क्येलंस." मग त्यांनी गाठोडं सोडलं. आत बांबूच्या तासून गुळगुळीत केलेल्या चार बारीक कामट्या होत्या आणि मूठभर कच्ची लोकर. "ल्योकर आपलीच हाय. इकायच्या आदी कातरल्याली. ठिवलीवती थोडी."

कळप विकल्यापासून मी त्यांच्या हातांना काम करताना बघितलं नव्हतं. ते हात तसेच होते. त्यांनी बांडीला धरलं नाही. मांडीवर घेतलं, मान खाजवली आणि ती घुरघुरायला लागल्यावर तिचा पाय आपल्या तळहातावर नुसता ठेवला. पंजा सरळ केला, भोवती लोकर लपेटली, पुढून-मागून कामट्या लावल्या आणि पट्टी गुंडाळली. मी मदतीला हात पुढे केला, तशी बांडीने त्यांच्या मांडीत अंग चोरलं. आबांनी बोटांची टोकं उघडी ठेवली. "हितं रोज हात लावायचा. गार लागली तर सोडायचं. सुजली तर सोडायचं."

काम चालू असताना, मान वर न करता त्यांनी विचारलं, "सुई मारताना धरलीवती कुनी?"

मी म्हणाले, "त्यांनीच."

आबांना मी आयुष्यात पहिल्यांदा सरळ खोटं सांगितलं होतं. ते "व्हय का" म्हणाले आणि गाठ मारली.

चहा पिऊन झाल्यावर त्यांनी कात्री मागितली आणि खांद्यावरची घोंगडी जमिनीवर पसरली. ती आमच्याच मेंढरांच्या लोकरीची, आईच्या हाताने कातलेल्या सुताची. मी "आबा, नको" म्हणेपर्यंत त्यांनी एका कोपऱ्यातून हातभर तुकडा कापला होता. "हिच्यावर निजव. ऊब धरती. शिर जगायला ऊब लागती."

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. गाडी लागली होती. आबा पाटीकडे बघत उभे राहिले, जणू वाचतायत. तसंच पाटीकडे बघत म्हणाले, "पट्टी बदलताना पाय ढिला धर. मेंढराचा पाय ताणला की मेंढरू गप ऱ्हातं. मांजर न्हाई ऱ्हायाचं. त्याची जात वायली."

ते चढले, खिडकीपाशी बसले. गाडी निघेपर्यंत मी खिडकीखाली उभी होते.

अर्ज

घरी येऊन मी ट्रंकेतला अर्ज काढून वाचला. फार चांगला लिहिला होता. त्यात "निष्काळजीपणे" हा शब्द तीनदा होता.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी तो सबनीसबाईंपुढे ठेवला. "मी सही करणार नाही. मांजर मी धरलं होतं. पाय मी ताणला होता, त्यामुळे सुई सरकली."

"म्हणजे?" त्यांनी चष्मा काढला. "तुम्हाला त्यांनी धरायला लावलं, असंच ना?"

"नाही. मला येतं असं मीच म्हणाले. आमच्या घरी मेंढरं होती. मी त्यांना धरायची तशी धरली."

"मग इतके दिवस..."

"इतके दिवस मी सांगितलं नाही."

सबनीसबाईंनी अर्जाची घडी केली, पर्समध्ये टाकली आणि म्हणाल्या, "मी घरी सांगून बसले होते हो." त्यांचा आवाज दुखावलेला होता आणि ते बरोबरच होतं. मेंढरांबद्दल कुणी एक शब्दही काढला नाही. ज्या गोष्टीसाठी मी इतकी वर्षं वह्यांत डोकं घालून बसले, ती कुणाच्या ध्यानातही राहिली नसावी. पण पेशंट कशी आहे हे विचारणं मात्र त्या दिवसापासून थांबलं. खरं बोलल्यावर हलकं वाटतं असं म्हणतात. मला तसं वाटलं नाही. मला एकटं वाटलं, आणि तरी ते परत घ्यावंसं वाटलं नाही.

त्या शनिवारी मी दवाखान्यात गेले. स्टॉकमन एकटेच होते, स्टोव्हवर सुया उकळत होत्या. अर्जाची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, माजी पोरगी अकरावीला हाय शिरूरला. बदली झाली तर तिचं वरीस जाईल."

"अर्ज जाणार नाही. चूक माझी होती, मी ताणून धरलं."

त्यांनी चिमट्याने एक सुई उचलली, तिच्याकडे बघितलं. "आन् म्या बारीक सुई घ्याला पायजे हुती. कपाटात हुती. म्हशीचीच हातात हुती, म्हनलं कोन उटतंय." मग कपाट उघडून त्यांनी मलमपट्टीच्या कापडाची एक गुंडाळी मला दिली. "पातळ फाडू नगा. ह्ये वापरा."

माझ्याशी बांडीबद्दल शेवटचं बोलले ते स्टॉकमन. त्यानंतर सहा आठवडे कुणी नाही.

ओरखडा

त्या सहा आठवड्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही आणि तेच सगळ्यात कठीण होतं. कुरतडलेलं बोट वाळून गळून पडलं. जखम भरत आली. पण बोटं दाबली की ती खिडकीकडेच बघायची. वार्षिक परीक्षा झाली, निकाल लागला, शाळा बंद झाली. आळीतल्या बायका मुलांना घेऊन माहेरी गेल्या. काकू लग्नाला सोलापूरला गेल्या. मी कॅलेंडरवर डॉक्टरांच्या तीन महिन्यांचा शेवटचा दिवस बघितला आणि पान उलटून ठेवलं. पंजा अजून सडला नव्हता. पण जिवंत आहे असंही म्हणता येत नव्हतं, आणि माझ्यानंतर, माझ्या एखाद्या आजारपणात, तिचं हे सगळं कोण करणार होतं? इंजेक्शनने सोडवणं हाच दयेचा मार्ग असेल, असं मी त्या दिवसांत दोनदा ठरवलं. एकदा टोपलीही काढली.

तीन महिने उलटून अकरावा दिवस. दुपारची वेळ, बाहेर ऊन रणरणत होतं. मी कामट्या सोडल्या होत्या आणि नेहमीसारखा तिचा पाय तळहातावर नुसता ठेवला होता, आबांसारखा. मधलं बोट दाबलं. माझं लक्षही नव्हतं. तिने फिसकारून पाय ओढला आणि माझ्या मनगटावर मारला.

मी बघतच राहिले. मनगटावर एक लांब ओरखडा, त्यातून रक्ताचे ठिपके उमटत होते. ती पुठ्ठ्याच्या फुलातून माझ्याकडे रागाने बघत होती. खिडकीकडे नाही, माझ्याकडे. मी पुन्हा दाबलं, तिने पुन्हा मारलं. त्याच पायाने. डाव्या.

मी धावत अंगणात आले. काकूंच्या दाराला कुलूप होतं. शेजारी कुलूप. समोर कुलूप. मनगट वर धरून मी त्या उन्हात उभी होते आणि आळीत एक माणूस नव्हतं.

मग मी घरात येऊन पोस्टकार्ड घेतलं. लिहिताना पिठाची गिरणी डोळ्यांपुढे होती, पोस्टमन उभा आहे, बायका पाट्या घेऊन थांबल्या आहेत, आबा मागे उभे आहेत. लिहिलं ते असं:

"ती. आबांस सा. न. आज बांडीने मला ओरबाडले, गेलेल्या पायानेच. तुमच्या कामट्यांनी आणि लोकरीने पाय वाचला. सुई मारताना तिला मीच धरली होती. कोकरासारखी पाय ताणून धरली. तुम्ही विचारलेत तेव्हा मी खोटे सांगितले. हे सर्वांसमोर वाचले जाईल हे मला माहीत आहे."

उत्तर

त्यानंतर पाय हळूहळू आला. पंजा आधी सपाट टेकायला लागला, मग त्यावर भार आला. पावसाळ्याच्या तोंडाशी पुठ्ठा काढला. धावताना ती आजही डावीकडे थोडी कलते. खिडकीत चढायला तिला दोन वेळा उडी मारावी लागते, पहिली चुकते, दुसरी लागते. तुमच्या जनावराचं याहून कमी सुधारेल किंवा जास्त, मला सांगता येणार नाही. मी एवढंच सांगेन की बोटं रोज दाबत जा, आणि पाय ढिला धरा.

आबांचं उत्तर आठ दिवसांनी आलं. अक्षर पोस्टमनचं, भाषाही त्याचीच:

"चि. सौ. कां. कन्येस अनेक आशीर्वाद. आपले पत्र पोहोचले व सर्वांस वाचून दाखविले. आपले वडील कळवितात की, मांजर कोणी धरले ते त्यांस मांजर मांडीवर घेतले तेव्हाच समजले होते, कारण ते फक्त आपणास भीत होते. तरी त्याचे वाईट वाटून घेऊ नये. धरणे त्यांनीच शिकविले होते. सोडणे शिकवावयाचे राहून गेले, असे ते म्हणतात. दिवाळीस मांजरास घेऊन यावे. घोंगडीचा तुकडा सोबत आणावा, परत जोडता येईल."

त्या दिवाळीला टोपली मांडीवर घेऊन मी चौफुल्याला गाडी बदलली. शेजारच्या बाईने विचारलं, "काय हाय वो टोपलीत?"

"मांजर हाय," मी म्हणाले. "बांडी म्हणत्यात हिला. आमच्यात आसल्या मेंढीला म्हणत्यात."

घोंगडीचा तुकडा मी परत जोडायला म्हणून नेला नव्हता. तो टोपलीत तिच्या अंगाखाली होता.